लोकरीची इर्जिक

तिसगावला एसटीतून उतरले तेव्हा तीन कामं डोक्यात होती. वसतिगृहासाठी बाजरी ठरवायची, खराटे घ्यायचे आणि यजमानांच्या पाठदुखीसाठी एक चांगली जाड घोंगडी बघायची. मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला बाजारात रेंगाळायला सवड नसते. बाजरी झाली, खराटे झाले. मग घोंगडीवाल्यापुढे उकिडवी बसले, एक घडी उलगडली, वीण नीट दिसावी म्हणून तोंडाजवळ नेली आणि तिथेच अडकले.

खळीचा वास!

ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना सांगते. चिंचोके भाजायचे, त्यांची टरफलं काढायची, भिजवून वाटायचे आणि मोठ्या काहिलीत पाणी घालून शिजवायचे. ती झाली खळ. लोकरीच्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, ती कुंच्यानं फासली की धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. वास म्हणाल तर थोडा भाजक्या शेंगदाण्याचा, थोडा आंबूस आणि बराचसा ओल्या मेंढराचा. नाक मुरडावं असाच. पण तो नाकात शिरला आणि बाजारातला कालवा विरून गेला. मी पुन्हा सतरा वर्षांची झाले, कोपरापर्यंत हात खळीनं माखलेले, आणि कानावर ठकूआत्याचा आवाज आला, "अगं ढवळ, ढवळ! बघत काय बसलीस, सुनेचं तोंड हाय का त्यात?"

आमचं गाव तिसगावपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला. माळरान, बाभळी, ज्वारी आली तर आली. लढाई कुठल्या मुलखात चालली होती ते आमच्यापैकी कुणाला धड सांगता आलं नसतं, पण ती घराघरांत होती. रॉकेलच्या रिकाम्या बाटलीत होती. कंट्रोलच्या धोतरासाठी लागणाऱ्या रांगेत होती. सुटी नाणी कुठे गडप झाली होती कोण जाणे, दुकानदार उरलेल्या पैशांच्या बदल्यात हातावर सुपारीचं खांड ठेवायचा. आणि बाजाराच्या दिवशी ती धुरळा उडवत गावात यायची. खाकी रंगाची लॉरी, पुढच्या टपावर फोनोग्राफचा कर्णा, त्यातून वाजणारा बँड. आम्हा मुलींना त्या बँडवर पाय नाचवावेसे वाटत, खरं सांगते. लॉरीतून हवालदार उतरायचा, चावडीपुढे टेबल मांडायचा, पोरांच्या छात्या मोजायचा.

त्याच चावडीच्या मागे सणगरआळी. घोंगड्या विणणाऱ्यांची आळी ती. मी लहान होते तेव्हा तिथून जाताना दोन्ही बाजूंनी मागांची धडधड ऐकू यायची, पिंजणाऱ्याच्या धनुकलीचं ट्यंव ट्यंव, आणि आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या लोकरीचे ताणे पसरलेले. म्हशी अडायच्या, नव्या नवऱ्या वाकून जायच्या. लढाई आली आणि आळी गप्प झाली. लष्कराचा ठेकेदार मेंढक्यांकडून सगळी लोकर त्यांच्या तळावरच उचलायचा, कातरल्या कातरल्या. मागांना दोरा उरला नाही. म्हादूबा सणगर दारात बसून चिलीम ओढायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मागाच्या खड्ड्यात कोंबडी बसवली बगा. घोंगडी न्हाई निगत, निदान अंडी तरी निगतील."

माझा भाऊ रघू, आमचा दादा, तेव्हा बावीस-तेवीसचा. जमीन आबांना एकट्याला पुरेल एवढीच. ज्वारी काढून झाली की दादाला काही काम नसे. दिवसभर तो पारावर बसायचा, संध्याकाळी विहिरीवर दंड-बैठका काढायचा. म्हशींना पाण्यावर नेतानासुद्धा लेफ्ट-राईट करत न्यायचा, त्यामुळे म्हशी बुजायच्या आणि आम्ही हसून लोळायचो. एकदा मी त्याला म्हटलं, "दादा, तू गेलास तर म्हशींना कवायत कोण शिकवणार?" तो हसला नाही. म्हणाला, "हितं म्हशीबिगार मला इचारतंय तरी कोन?"

पौषातल्या एका बाजारी त्यानं नाव दिलं. होळीच्या आधीच्या बाजारी लॉरी न्यायला येणार असं ठरलं.

घरात रडारड झाली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. आई जात्यावर बसली ती नेहमीपेक्षा जास्त दळत राहिली. आबा गोठ्यात गेले. बोलली ती आत्या. ठकूआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तिचा नवरा आधीच्या लढाईत बसऱ्याला गेला होता, तिथेच राहिला. तेव्हापासून ती आमच्याकडे. नवऱ्याचं नाव ती घेत नसे आणि खजूर तोंडात घालत नसे. बाजारातला खजूर बसऱ्याकडून येतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. उपासाच्या दिवशी सगळ्यांपुढे खजूर यायचा आणि आत्या शांतपणे भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायची.

तिनं दादाला समोर बसवलं. मला वाटलं आता ओरडेल. पण ती म्हणाली, "रघ्या, मी तुला जाऊ नगं म्हननार न्हाई. त्यांनाबी म्हनले न्हवते. मला फकस्त येक सांग. लढाईला कोन जातं?"

"शूर मानसं जात्यात," दादा म्हणाला.

"शूर न्हाई. मोकळी. ज्यांच्या हाताला काम न्हाई ती. हवालदार काय खुळा हाय, पेरनीच्या दिवसांत येतो का कदी? सुगी सरली, पोरं पारावर बसली, की आला बँड वाजवत. मानसं मोकळी सापडत्यात म्हनून लढाई चालती बाबा. आपली लोकर लढाईला, आपली पोरं लढाईला. ह्यापुढं ह्या गावात येकबी हात मोकळा सापडनार न्हाई, बग तू."

दादा म्हणाला, "बघू." आणि उठून गेला. आत्या माझ्याकडे वळली. "तू सातवी झालीस नव्हं? मग ऊठ. चपला घाल."

काय दिवस सुरू झाले ते! आत्या पुढे, मी मागे, असं आम्ही अख्खं गाव पायाखाली घातलं.

पहिल्यांदा गाठले मेंढके. संक्रांत उलटली की त्यांचे वाडे आमच्या शिवारात उतरायचे. वाडा म्हणजे शंभरेक मेंढरं, दोन घोडी, कुत्री, पोरंबाळं, सगळं एकत्र. त्यांच्या म्होरक्याला सगळे तात्या म्हणायचे. पिवळं मुंडासं, खांद्यावर काठी आडवी. विहिरीपाशी मेंढरं धुवायचं काम चालू होतं. ओल्या लोकरीची वाफ उन्हात वर येत होती, कोकरं ओरडत होती आणि त्या गोंधळात आत्या त्याच्याशी भांडत होती.

"ठेकेदार रोख देतो, ठकाबाय," तात्या म्हणाला. "जाग्यावर."

"रोकीचं काय करशील? बाजारात कापड हाय? रॉकेल हाय? का नोटा पांघरून झोपनार हायस पोरासंगं?"

"ते बी खरंच."

"आन् मेंढरं कुटं बसवशील रे यंदा? ठेकेदाराच्या टोपीत?"

तात्या खो खो हसला. पण तिनं बरोबर नाडी धरली होती. मेंढरं रात्री शेतात बसवली की त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, त्या बदल्यात शेतकरी मेंढक्याला धान्य देतो. ही रीत जुनीच. आत्यानं तिला पुढे एक गाठ मारली. आमचा गाव शेतं देईल, विहिरीचं पाणी देईल, धान्य देईल, आणि लोकर आधी आमच्या सणगरआळीला मिळेल. सणगर घोंगड्या विणतील. त्यातल्या काही मेंढक्यांना, काही शेतकऱ्यांना, बाकीच्या गाडीत घालून बाजारोबाजारी न्यायच्या आणि तिथून मीठ, मिरची, गूळ, तेल, काय मिळेल ते आणायचं. दोन बैल नसलेले शेतकरी एकेक बैल घालून सावड करतात ना, तशी ही सगळ्या गावाची सावड. ह्यात कोण कुणाचा धनी नाही आणि कुणी कुणाचा गडीही नाही.

"आन् गाडी कोन हाकनार?" तात्यानं विचारलं.

आत्या म्हणाली, "हाय येक. म्हशींना कवायत शिकीवतो."

म्हादूबाला पटवणं सोपं, कारण तो कशालाही होकार द्यायचा आणि मग त्यातून काहीच निष्पन्न होणार नाही असं सांगत बसायचा. "करू की. न्हाई जमनार, पर करू." त्यानं कोंबडी हुसकली, खड्डा झाडला, मागाला तेल दिलं. पहिल्या दिवशी मागाचा पहिला ठोका पडला तेव्हा आळीतली सगळी म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली. एक आजोबा मागाच्या तालावर मान हलवत होते, डोळे मिटून.

पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं. कुणाची लोकर पिंजून झाली, कोण कातायला बसणार, कुणाचं सूत कुठल्या मागावर जाणार. चिंचा झोडपून झाल्या होत्या, घरोघरी चिंचोक्यांच्या टोपल्या पडल्या होत्या, त्या गोळा करायच्या. खळीची काहीलही मीच सांभाळायची. ह्या काहिलीची एक गंमत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही.

उत्साह भारी! प्रत्येक बाई येता-जाता पदरातून मूठभर चिंचोक्याचं पीठ काहिलीत टाकायची. आपला हातभार लागावा म्हणून. कुणाला नाही कसं म्हणायचं? खळ इतकी घट्ट झाली की उलथनं उभं राहिलं. तीच आम्ही ताण्यावर फासली. त्यातून जी पहिली घोंगडी निघाली ती म्हादूबानं मागावरून उतरवली, जमिनीवर ठेवली आणि हात काढून घेतला. घोंगडी उभीच! भिंतीला टेकवलेल्या फळीसारखी उभी. आम्ही सगळ्या तोंडात पदर कोंबून बघत राहिलो.

"बिजागऱ्या आना," म्हादूबा म्हणाला. "चावडीला दार न्हाईच हाय."

आत्यानं तिच्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. "कोन हाय घरात?" मग जो हशा उसळला, तो थांबेचना. शेवटी आम्ही ती ओढ्यावर नेली आणि धोपाटण्यानं दिवसभर बडवली तेव्हा कुठे ती माणसात आली. त्या दिवसापासून काहिलीजवळ माझ्याशिवाय कुणी फिरकायचं नाही असा आत्याचा हुकूम निघाला.

माघ असा गेला. सकाळी धनुकलीचा आवाज, दुपारी खळीचा वास, संध्याकाळी घराघरांच्या ओट्यावर टकळ्या फिरवणाऱ्या बायका. बोटं काळी, पदराला लोकरीचे पुंजके, भाकरीतसुद्धा केस. पूर्वी दुपारी ज्या पारावर पोरं पत्ते कुटायची तिथे आता लोकर निवडायला बसायची, काळी वेगळी, पांढरी वेगळी, करडी वेगळी. दादा त्यांच्यात बसायचा नाही. तो बाजूला उभा राहून बघायचा. कधी मागाचं लाकूड तुटलं तर न बोलता बाभळीचं नवं तासून द्यायचा. गाडीचं चाक कुरकुरतंय म्हणून त्यानं स्वतःहून वंगण घातलं. आत्यानं ते पाहिलं. मी बोलायला गेले तर मला डोळ्यांनीच दटावलं.

पण त्याचं जायचं कायम होतं. मला ते ठाऊक होतं, कारण त्यानं न्हाव्याकडून केस बारीक कापून घेतले होते.

होळी जवळ आली. होळीपासून मढीची जत्रा सुरू होते. कुठून कुठून माणसं येतात, गाढवांचा बाजार भरतो, उघड्यावर मुक्काम पडतात. त्या जत्रेत घोंगड्या हातोहात खपणार हे शेंबडं पोरही सांगेल. पण सूत कमी पडत होतं. चार माग तयार आणि दोरा नाही. तेव्हा आत्यानं सांगितलं, "इर्जिक घालू."

इर्जिक शेतावर असते. एखाद्याची नांगरट अडली, काढणी अडली, की तो गावाला हाक घालतो. अख्खा गाव आपापले बैल, आपापले विळे घेऊन येतो, एका दिवसात काम उरकतो. मजुरी नाही, फक्त जेवण. आमच्या गावात तिची एक रीत होती. ज्याच्या नावानं इर्जिक, त्यानं स्वतःच्या हातानं पंगत वाढायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायचं आणि शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत अंगण सोडायचं नाही. सोडलं, तर पुन्हा त्याच्या हाकेला कुणी येत नसे. लोकरीची इर्जिक मात्र ना कुणी पाहिली होती ना ऐकली होती.

"नाव कुनाचं सांगायचं?" म्हादूबानं विचारलं.

"गाडी ज्याची त्याचं. आमच्या रघ्याचं," आत्या म्हणाली. "आन् दिस धरा बाजाराचा."

दादानं चमकून पाहिलं. बाजाराचा दिवस म्हणजे लॉरीचा दिवस. पण हाक गावात फिरली होती, आता माघार नव्हती. तो म्हणाला, "सांजच्याला लॉरी येती. तवर उरकंल का?"

"उरकंल की," आत्या म्हणाली. "न उरकाया काय झालं?"

काय सांगू तो दिवस! उजाडायच्या आत आमच्या अंगणात बायका बसल्या, मग गोठ्यापर्यंत, मग रस्त्यावर, मग आळीत. कुणी टकळी घेऊन, कुणी पाळण्यातलं पोर पायानं झोके देत. बामणाच्या काकूसुद्धा सोवळं बाजूला ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "मला कातायला येतं हो, पण बारीक. जानव्याचं." मेंढक्यांच्या बायका लाल लुगड्यांत, हातभर चांदीची कडी, त्यांच्या टकळ्या तर भोवऱ्यासारख्या. पुरुष पिंजत होते, ताणे ओढत होते. सणगरआळी पुन्हा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या दोऱ्यांनी भरून गेली. चुलवणावर आमटी रटरटत होती, लापशीला गुळाचा वास सुटला होता आणि मी खळीच्या काहिलीपासून पाणी पाजणाऱ्या मुलींपर्यंत नुसती धावत होते. इतकी माणसं एका कामाला लागली की एक आवाज तयार होतो. कुणा एकाचा नसतो तो. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेला तर ऐकू येईल तसा. पुढे मी किती सभा पाहिल्या, संमेलनं पाहिली. तो आवाज पुन्हा ऐकला नाही.

दुपार कलली आणि पंगत बसली. दादानं पळी हातात घेतली. नवा सदरा, बारीक कापलेले केस. वाढताना त्याचं लक्ष वेशीकडे.

आणि बँड वाजला.

लॉरी वेशीतच थांबली, कारण आळीतून ताणे पसरले होते. मागच्या बाजूला इतर गावांची काही पोरं बसलेली. हवालदार ताण्यांखालून वाकत वाकत, टोपी सांभाळत आमच्या अंगणात आला. करंजी गावाकडचा होता, माणूस वाईट नव्हता. "काय रं रघू, लगीन हाय का घरात? चल, उशीर झाला."

दादाच्या हातात आमटीची पळी. तो आत्याकडे पाहू लागला. आत्या पंगतीत बसली होती, पहिल्या पानावर.

"हवालदार, करंजीचा नव्हं तू? कुनाचा?"

"मावशी, येळ न्हाई..."

"म्हंजी कुनाचाच न्हाईस?"

पंगत हसली. त्याला नाव सांगावं लागलं. आत्यानं चटकन नातं काढलं. तिच्या नणंदेच्या सासरच्या घरातला निघाला तो! "मग तू पावना की रे आमचा. आन् इर्जिकीच्या अंगनात आलेला मानूस पान घेतल्याबिगर जातो का? करंजीत जातो?"

जात नाही. हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं वेशीकडे पाहिलं, लापशीकडे पाहिलं, टोपी काढली आणि मांडी घातली. दादानं त्याला वाढलं. त्याच्या पानात लापशी पडली आणि सगळ्या बायकांचे हात एकदम मंदावले!

असं जेवण मी जन्मात पाहिलं नाही. एकेक कण चावत होत्या. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवायचा, निथळू द्यायचा, शेजारणीशी बोलायचं, मग तोंडात. "रघ्या, मीठ." "रघ्या, पानी." "जरा गरम आन बाबा, गार झालं." दादा पळत होता. वेशीतून हॉर्न वाजला. हवालदाराचं पान केव्हाच संपलं होतं, पण पंगतीतून एकट्यानं उठायचं कसं? तो अवघडून बसला. पुन्हा हॉर्न. म्हादूबा म्हणाला, "ड्रायव्हरलाबी भूक लागली वाटतं." तात्या म्हणाला, "मेंढरू वरडल्यावानी वरडतंय."

हवालदार बाजूला झुकून हळूच आत्याला म्हणाला, "मावशी, समजलं मला. पर वर काय सांगू मी? मोजून न्यायची असत्यात मानसं."

आत्या तेवढ्याच हळू म्हणाली, "सांग, ह्या गावची मानसं जेवत हुती."

त्यानं मान खाली घातली. त्याच्याही गावात बायका होत्या, त्याच्याही घरी बहिणी असतील. मग तो दादाला म्हणाला, "आमटी वाढ रं. जरा झनझनीत हाय, पर चांगली हाय."

ऊन पिवळं झालं तेव्हा ड्रायव्हर चिडून स्वतः आला, हवालदाराला उठवून घेऊन गेला. पाव्हण्याला दोष नाही, त्याला न्यायला माणूस आला होता! जाताना म्हादूबानं हवालदाराच्या खांद्यावर एक घोंगडी टाकली. ताण्यांखालून वाकत तो गेला. बँड न वाजवता लॉरी निघाली. आमच्या गावचं त्या दिवशी तिच्यात कुणी नव्हतं. आधीच्या लॉऱ्यांतून गेलेल्यांपैकी सगळे परत आले नाहीत.

मग आत्यानं हात धुतले.

दादा जेवला नाही. पळी चुलीपाशी ठेवून म्हणाला, "आत्या, तू मला बांधून घातलंस. सगळ्या गावादेखत." ती म्हणाली, "व्हय." पुढे दोन-तीन दिवस तो घरात फक्त झोपायला यायचा. माग मात्र उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत धडधडत होते.

"बाई, लांबी केवढी पायजे?" तिसगावच्या बाजारातला घोंगडीवाला मला विचारत होता. दुसऱ्यांदा असावं. मी सांगितलं. त्यानं घडी घातली. तरुण पोरगा, कुठल्या तरी लांबच्या गावाहून माल आणतो म्हणाला. आमच्या आळीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. कसं असणार? गिरणीची ब्लँकेटं आली, रंगीत, हलकी. चिंचोक्यांच्या टोपल्या गेल्या, तात्याच्या वाड्याच्या वाटा बदलल्या. आत्या गेली, तिनं घालून दिलेली सावड तिच्यानंतरही कितीतरी वर्षं टिकली, मग तीही विरली. कशी, ते मला सांगता येत नाही. आज आमच्या आळीत उन्हाळ्याच्या दुपारी इतकं शांत असतं की ओढ्यापलीकडची मोटार ऐकू येते. साडेचारची एसटी होती माझी. ती समोरून गेली आणि मी घोंगडी मांडीवर घेऊन बसून राहिले.

जत्रेला निघायच्या सकाळचं मला सगळं दिसत होतं. थंडी होती अजून. गाडीत घोंगड्यांची चळत, घरांच्या उंचीएवढी वाटत होती. आम्ही वेशीपर्यंत चालत गेलो. वेशीबाहेर वाट फुटते. एक तिसगावकडे, तिथून नगरच्या लष्करी छावणीकडे जायला मोटार मिळायची. दुसरी मढीकडे. दादा बैलांपुढे उभा होता. आत्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रघ्या, आज पंगत न्हाई, पान न्हाई. कुनी बांदलेलं न्हाई तुला. जायचं तर नगरला जा. गाडी म्हादूबा हाकंल."

म्हादूबा म्हणाला, "न्हाई जमनार, पर हाकीन."

दादानं एका बैलाची जुपणी पुन्हा आवळली, मग दुसऱ्याची. तिसगावच्या वाटेकडे पाहिलं. तिकडे कुणाची तरी गाडी धुरळा उडवत चालली होती. आत्याचा हात बैलाच्या पाठीवरून हलत नव्हता आणि पहिल्यांदाच मला तो म्हातारा दिसला.

दादा गाडीवर चढला. कासरा हातात घेतला. मग खाली न बघता, रोजच्या आवाजात म्हणाला, "आत्या, येताना काय आनायचं?"

जन्मभर जिची जीभ थांबली नव्हती ती आत्या नुसती ओठ हलवत उभी. मग मीच सुरू केलं. मीठ सांगितलं. मिरच्या सांगितल्या. गूळ, गोडं तेल, आबांना तंबाखू, आईला बांगड्या, म्हादूबाला कुंच्यासाठी दोरी. गाडी मढीच्या वाटेला लागली आणि मी तिच्या चाकाबरोबर पळत पळत सांगत होते. धने, हळद, सुया, पाटीवरची पेन्सिल, काहिलीला नवी कडी, जे आठवेल ते, घरात लागत नव्हतं तेसुद्धा.

"अगं दम धर की," दादा वरून हसत ओरडला, "गाडी येकच हाय!"

मी थांबले नाही.